हुमणीला दाणेदार औषध टाकलं, तरी लॉन गेलंच कसं?

प्रश्न : नमस्कार काका, आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. गेल्या सप्टेंबरात मागचं लॉन ठिकठिकाणी पिवळं पडलं, हाताने ओढलं तर सतरंजीसारखं गुंडाळून वर आलं आणि खाली पांढऱ्या, इंग्रजी सी सारख्या वळलेल्या अळ्या, म्हणजे हुमणी! रात्री स्कंक (मांजराएवढा, घाण वास सोडणारा प्राणी) येऊन उकरतात ते वेगळंच. दुकानातून ग्रब कंट्रोलची (अळी मारायच्या दाण्यांची) पिशवी आणून ऑक्टोबरच्या शेवटी स्प्रेडरने टाकली, काही फरक नाही. आता शेजारी म्हणतो एप्रिलमध्ये टाक. नक्की कधी टाकायचं?

उत्तर : शेजारी बरोबर सांगतोय, फक्त पिशवीवर काय लिहिलंय ते आधी वाचा कारण सगळी खरी गडबड तिथेच होते. तुमच्याकडे बहुतेक जपानी भुंगेऱ्याची अळी असणार, हा किडा अमेरिकेत पहिल्यांदा 1916 साली सापडला तोच न्यू जर्सीत, रिव्हर्टनजवळ, म्हणजे तुम्ही त्याच्या माहेरीच राहताय म्हणा ना. भुंगेरे जूनच्या शेवटी बाहेर येतात, जुलै-ऑगस्टमध्ये लॉनच्या मातीत अंडी घालतात, दोनेक आठवड्यांत अळी निघते आणि मग ऑक्टोबरपर्यंत मुळं खात सुटते. माती थंड झाली की खोल जाते, वसंतात वर येऊन थोडं खाते आणि कोषात जाते.

आता औषधं दोन जातीची. एक आधीच टाकून ठेवायचं, क्लोरअँट्रानिलिप्रोल. हे पाण्यात फार कमी विरघळतं, मुळांपर्यंत पोचायला वेळ घेतं म्हणून एप्रिल-मेमध्येच टाकायचं, जुलैच्या शेवटी बारीक अळी निघेल तेव्हा ते तिथे हजर पाहिजे. दुसरं म्हणजे अळी दिसल्यावर टाकायचं, ट्रायक्लोरफॉनसारखं, ते काही दिवसांतच काम करतं पण अळी लहान असताना, ऑगस्टच्या शेवटी ते सप्टेंबरात. तुम्ही टाकलंत ऑक्टोबर संपताना, तोवर अळी पूर्ण वाढून खाली जायच्या तयारीत, पिशवी कुठलीही असो, मोठ्या अळीवर औषध चालतच नाही नीट. आणि वसंतातली अळी मारायला औषध टाकणं म्हणजे पैसे मातीत, तिचं खाणं संपतच आलेलं असतं.

इमिडाक्लोप्रिड या निओनिकोटिनॉइड गटातल्या कीटकनाशकाचा सल्ला जुन्या लेखांत सगळीकडे दिसेल, पण तुमच्या राज्यात 2022 साली कायदा झाला आणि 31 ऑक्टोबर 2023 पासून घरच्या लॉनवर त्या गटातली औषधं बंद आहेत, मधमाश्यांसाठी. नदीपलीकडून पेनसिल्व्हेनियातून पिशवी आणायचा मोह नको.

टाकायच्या आधी मोजा तरी. फावड्याने एक चौरस फूट गवत तीन बाजूंनी कापून उलटं करा, तीन इंच माती चाळा, असं चार-पाच जागी. अळ्या आठ-दहाच्या आत असतील तर बरं लॉन ते सहन करतं, औषधाची गरजच नाही. टाकलं की लगेच अर्धा इंच पाणी, हे मी परत परत सांगतो कारण दाणे गवतावर पडून राहिले तर उन्हात खराब होतात, पक्षी टिपतात आणि अळीपर्यंत काही पोचत नाही. स्प्रिंकलरखाली रिकामा डबा ठेवा, अर्धा इंच भरला की बंद. ड्राइव्हवेवर सांडलेले दाणे झाडून परत लॉनवर टाका, गटारात जाऊ देऊ नका, आणि लॉनमधल्या पांढऱ्या क्लोव्हरला (तीन पानांचं तण) फुलं असतील तर मधमाश्यांसाठी आधी मोइंग करा. गवत वाळेपर्यंत पोरं नि कुत्रा घरात.

ते फेरोमोनचे (भुंगेऱ्यांना वासाने ओढणारे) पिवळे ट्रॅप मात्र लावू नका, पकडतात त्याहून जास्त भुंगेरे बोलावतात. लावायचेच तर शेजाऱ्याला द्या (गंमत हो!).

प्रश्न : कोल्हापूर. बंगल्यापुढे छोटं लॉन आहे, हुमणी लागलीय. ओळखीचा म्हणतो थायमेटचे दाणे शिल्लक आहेत, टाकू?

उत्तर : अजिबात नाही. थायमेट म्हणजे फोरेट, 31 डिसेंबर 2020 पासून आपल्याकडे पूर्ण बंद, अतिशय विषारी. वर सांगितलेलं ट्रायक्लोरफॉनपण त्याच तारखेपासून बंद झालंय, त्यामुळे वरचं उत्तर वाचून तिथलं औषध इथे शोधत बसू नका. आपली हुमणी वेगळी, भुंगेरे वळवाच्या पहिल्या पावसानंतर संध्याकाळी कडुलिंब-बाभळीवर बसतात, तेव्हा फांदी हलवून पाडायचे आणि रॉकेल घातलेल्या पाण्यात टाकायचे, अंडी घालायच्या आधीच निम्मं काम होतं. जूनमध्ये मेटारायझियम ही हुमणीला मारणारी बुरशी चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून ओल्या मातीवर पसरा. आता दिसतायत त्या अळ्या खुरप्याने उकरून वेचा, एवढ्याशा लॉनला तासभर पुरतो, आणि उकरलेली जागा थोडा वेळ तशीच ठेवा, साळुंक्या येतातच.