एफडी मोडून पेट स्कॅन करावा का?

निपाणीहून एका वाचकांचा प्रश्न आलाय. आईच्या स्तनातली गाठ ४.२ सेंमी होती. ऑपरेशनआधी ८ किमो ठरल्या, ४ झाल्या. परवाच्या सोनोग्राफीत गाठ २.८ सेंमी. पुण्याचे मामा म्हणतात, पेट स्कॅन (शरीरात कॅन्सर कुठे जोरात आहे ते दाखवणारा स्कॅन) केल्याशिवाय किमो लागू पडतेय की नाही कळायचं नाही. खर्च २० हजारांच्या घरात. बँकेत २ लाखांची एफडी, पतसंस्थेत ७० हजार. एफडी मोडू का?

एवढ्यासाठी मोडू नका.

मी डॉक्टर नाही, आकडे बघतो. ४.२ वरून २.८ म्हणजे गाठ एक तृतीयांश आटली. लांबी ३० टक्के कमी झाली की स्कॅन वाचणारे प्रतिसाद आहे असं धरतात. मामांचा जीव तुटतोय हे खरं, पण त्यांच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच फाइलमध्ये पडलंय. तरी डॉक्टरांना एवढं विचारा, "पेटमध्ये काही वेगळं दिसलं तर तुम्ही औषध बदलाल का?" नाही म्हणाले तर विषय संपला. गाठ वाढत असती किंवा हाडं दुखायला लागली असती, तर मीच म्हटलं असतं, आज पैसे काढा.

ऑपरेशनआधी एमआरआय सांगितला, तर तो खर्च मी कापणार नाही. स्तन वाचवायचा असेल तर उरलेली गाठ मोजायला तो सोनोग्राफीपेक्षा सरस. फक्त सुरुवातीच्या स्कॅनची सीडी सोबत न्या, नुसता कागद नको. तुलना चित्राशी होते. गाठीत क्लिप (खुणेचा धातूचा बारीक तुकडा) बसवलीय का, हेही विचारून घ्या. गाठ पार विरघळली तर सर्जनला जागा त्यावरूनच सापडते. आणि एमआरआय कोरा आला तरी ऑपरेशन टळत नाही. गाठ खरंच संपली का, हे काढलेला तुकडा तपासल्यावरच ठरतं.

मोठा खर्च तिथून पुढे आहे. तुकड्यात कॅन्सर उरलेला निघाला तर काही रुग्णांची औषधं बदलतात. आईचा रिपोर्ट हर-टू पॉझिटिव्ह (म्हणजे कॅन्सरच्या पेशींवर हर-टू नावाचं प्रथिन जास्त) असेल तर त्याची इंजेक्शनं साधारण वर्षभर चालतात. वर रेडिएशन. एफडी त्यासाठी ठेवा. मध्येच नड आली तर न मोडता तिच्यावर कर्ज घ्या. व्याज एफडीच्या दरापेक्षा साधारण १-२ टक्के जास्त पडतं. मोडायचीच वेळ आली तर आधी पतसंस्थेतली ठेव काढा. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही. (आपल्याकडे व्याज अर्धा टक्का जास्त म्हणून सगळं तिथेच ठेवणारे मी पुष्कळ बघतो.)

रेशनकार्ड बीपीएल आहे का, ते तुम्ही लिहिलं नाही. असेल तर आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटकमध्ये कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात, पण खासगी दवाखान्यात जायला एरवी सरकारी दवाखान्याची चिठ्ठी लागते. आधी खिशातून भरलेले पैसे मागाहून मिळतील असं धरू नका. पुढच्या किमोच्या आधीच कार्ड घेऊन दवाखान्यातल्या योजनेच्या खिडकीवर जाऊन या.