कोल्हापुरातल्या ख्रिस्ती विद्यार्थ्याला विद्यार्थी नेतृत्व, वकिली आणि पुढं राजकारण जमेल का?

तुम्ही बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहात आणि पुढं एल.एल.बी. करायचं म्हणताय, पण खरी मेख तुमच्या शेवटच्या ओळीत आहे: "नाव-आडनाव बघून लोक मत देतील का?" मीही ख्रिस्ती आहे आणि इथंच वकिली करते, म्हणून सरळ सांगते. आपल्या समाजाच्या मतांवर कोल्हापुरात प्रभाग सोडा, गल्लीसुद्धा निघत नाही. मला यात अडचणीपेक्षा सोय जास्त दिसते. 'समाजाचा उमेदवार' म्हणून तुम्हाला कुणी उभं करणार नाही, म्हणजे नाव कमवायचं ते घरफाळा, पाणी, ड्रेनेज यांच्या कामातूनच. टिळकांचे सहकारी बॅरिस्टर जोसेफ बॅप्टिस्टा माझगावचे ख्रिस्ती, पण स्वराज्य मागणाऱ्या होमरूल लीगचे अध्यक्ष झाले आणि कामगारांचे 'काका' झाले, ते काही चर्चच्या मतांवर नव्हे.

कॉलेजातल्या निवडणुकीची वाट बघत बसू नका. १९९४ च्या विद्यापीठ कायद्यानं मार्कांवर वर्गप्रतिनिधी आणले. २०१६ च्या कायद्यात थेट निवडणुका परत आल्या खऱ्या, पण त्या लांबणीवरच पडत राहिल्या. त्यापेक्षा ज्याची शिष्यवृत्ती अडकलीय त्याच्याबरोबर समाजकल्याणच्या ऑफिसात चार हेलपाटे घाला. अर्ज कुठल्या टेबलावर अडतो ते तिथंच कळतं.

दुसरी शाळा म्हणजे आपली मंडळी, म्हणजे चर्च. हसू नका. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट द्यायचा असतो, सार्वजनिक विश्वस्त कायद्याचं कलम २२. पुष्कळ ठिकाणी तो दिलेलाच नसतो आणि शेड्यूल वनवर, म्हणजे विश्वस्तांच्या सरकारी नोंदीवर, प्रभूमध्ये निजलेल्या (वारलेल्या) पंचांची नावं तशीच असतात. मग एखाद्या दिवशी जागेचा प्रश्न निघतो, सही कुणाची चालणार यावर पाळकसाहेब आणि वडीलमंडळी दोन बाजूंना बसतात, आणि उपासनेनंतरचा चहा गार होतो. तरुण संघातल्या एकानं जरी ठराव नीट लिहायला आणि प्रॉपर्टी कार्ड वाचायला शिकलं, तर दोन्ही बाजू त्यालाच हाक मारतात. मतं सांभाळायची, चिडलेल्या माणसाला पुन्हा खुर्चीत बसवायचं, हे सगळं तिथं फुकटात शिकायला मिळतं.

वकिलीसाठी सीईटी ही प्रवेश परीक्षा देऊन तीन वर्षांचा कोर्स. शहाजी लॉ कॉलेज १९३३ पासून गावातच आहे. शिवाय १८ ऑगस्ट २०२५ पासून सीपीआर हॉस्पिटलसमोरच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत हायकोर्टाचं सर्किट बेंच, म्हणजे फिरतं खंडपीठ, सुरू झालंय. सहा जिल्ह्यांचं काम तिथं येतं, त्यामुळे हायकोर्टाचं काम शिकायला आता मुंबई गाठायला नको. सुरुवातीची वर्षं मात्र सीनियरच्या फाइली उचलण्यात, नकलांचे अर्ज करण्यात आणि तारखा घेण्यात जातात, पैसे जेमतेम. घरचे "नर्सिंग नाहीतर शिक्षकी बघ" म्हणतील. त्यांना आधीच सांगून ठेवा.

एक काम आत्ताच उरका, ते म्हणजे दाखले. अनुसूचित जातीतून ख्रिस्ती झालेल्या कुटुंबांना अनुसूचित जातींबद्दलच्या राष्ट्रपतींच्या १९५० च्या आदेशामुळे एससीची सवलत मिळत नाही. महाराष्ट्रात ती इतर मागासवर्गात येतात. तुमचं घर त्यात बसत असेल तर जातपडताळणीचा कागद आधी काढा, कारण राखीव जागेवर लढताना तोच मागतात. महापालिकेसाठी वय २१ लागतं, विधानसभेसाठी २५.

गल्लीतल्या तालीम मंडळाच्या पोरांपासून लांब राहू नका. आरतीला उभं राहायचं की नाही हे तुमच्या विवेकाचं बघा, पण महाप्रसादाच्या पंगतीत वाढायला गेलात तर धर्म कुणी विचारत नाही, आमटीचं भांडं हातात देतात.