आई-अप्पांना आठ शहरं दाखवायची की दोनच?

प्रश्न : ताई नमस्कार. मी मूळची सोलापूरची, माहेर जुळे सोलापूरला, लग्नानंतर आता स्टुटगार्टला असते. मे महिन्यात आई-अप्पा पहिल्यांदाच इकडे येतायत, अडीच महिने राहतील. अप्पा ६८ चे, सूतगिरणीतून रिटायर झालेत, शुगर आहे पण चालायला एकदम ठणठणीत. आई ६३ ची, गुडघे दुखतात, जिना दिसला की तिचं तोंड उतरतं. आमची पाच वर्षांची मुलगी पण आहे. नवऱ्याला दोन आठवडे सुट्टी मिळतीय म्हणून आम्ही चौदा दिवसांत पॅरिस, ब्रसेल्स, ॲमस्टरडॅम, प्राग, व्हिएन्ना, व्हेनिस, रोम आणि शेवटी स्वित्झर्लंड असा प्लॅन एक्सेलमध्ये टाकलाय. त्यांचं परत येणं होईल न होईल, म्हणून वाटतं एकदाच सगळं दाखवून टाकावं. नवरा म्हणतो जास्त होतंय. तुम्हाला काय वाटतं? आणि सोलापुरातले एक एजंट अप्पांना म्हणाले की फ्रान्सचा व्हिसा काढा, लवकर मिळतो, ते खरं का?

उत्तर : जावईबापू बरोबर बोलतायत, हे आधीच सांगून टाकते म्हणजे निदान तेवढा वाद तरी मिटेल. चौदा दिवसांत आठ शहरं म्हणजे दर पावणेदोन दिवसाला बॅगा भरायच्या, आणि त्या भरणार कोण तर तुमची आई, कारण तुम्ही कितीही राहू दे म्हणालात तरी ती पहाटे पाचला उठून सगळ्यांचे कपडे घड्या घालून ठेवणारच. त्यात हॉटेलवाल्यांचं कसं असतं, सकाळी अकराला खोली सोडा आणि पुढच्या गावातली खोली दुपारी तीनला मिळणार, मधल्या चार तासात स्टेशन, गाडी लेट, प्लॅटफॉर्म बदलला म्हणून पळापळ, लिफ्ट बंद म्हणून जिना, आणि अप्पांची जेवायची वेळ साडेबाराची. शुगरच्या माणसाला पोचल्यावर जेवू म्हणून चालत नाही. आणि ते स्वतःहून भूक लागली म्हणणार नाहीत हो, नुसते गप्प होतील, आणि तुम्हाला वाटत राहील की अप्पांना प्राग काही आवडलेलं दिसत नाही.

एकदाच सगळं उरकून टाकायची घाई पण कशाला? एप्रिल २०२४ पासून भारतीयांसाठी शेंगेनचे, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाचे, नियम जरा सैल झालेत. तीन वर्षांत दोन व्हिसा नीट वापरले, वेळेत परत आलात, की पुढचा दोन वर्षांचा मल्टिपल एंट्री, म्हणजे पुन्हा पुन्हा जाता येईल असा, व्हिसा मिळू शकतो आणि त्यानंतर पाच वर्षांचा. म्हणजे या खेपेला रोम राहिलं तर राहिलं, रोम काही कुठं पळून जात नाही.

आधी एक काम करा, आजच फोन लावून दोघांना विचारा की तुम्हाला काय बघायचंय. उत्तर येणार, तुम्ही न्याल तिथं. ते उत्तर घ्यायचं नाही. वेगवेगळं विचारा, आईला विचारताना अप्पा समोर नकोत, आणि नुसतं काय बघायचं असं नाही, तर बर्फ का बाजार, बोट का डोंगरावरची गाडी असं विचारा. तेव्हा कुठं खरं काय ते बाहेर येतं.

माझ्या मते दोनच मोठ्या ट्रिपा करा, त्या पण सलग नको, मध्ये आठ-दहा दिवस घरी. मे-जूनमध्ये तुमच्याकडं हिमेलफार्ट, फिंग्स्टमोंटाग, फ्रोनलाइखनाम अशा सुट्ट्या येतातच, त्याला जोडून रजा घेतली तर जावईबापूंचे दोन आठवडे पुरून उरतील, फक्त त्या दिवसांत सगळं जर्मनी बाहेर पडलेलं असतं तेव्हा बुकिंग लवकर करा.

पहिली ट्रिप स्वित्झर्लंड, आणि तिथं एकाच गावात पाच रात्री, ल्युसर्न धरा. स्टेशनबाहेर आलं की समोरच बोटीचा धक्का, तलाव, जुना लाकडी पूल, म्हणजे आईला काही चढउतार न करता निम्मं गाव बघून होतं. तिथून बोटीनं फिट्सनाउ आणि पुढं दात्यांच्या रुळावरची गाडी थेट रिगीच्या डोंगरावर. ही १८७१ ची, युरोपातली पहिली अशी डोंगरगाडी. स्विस ट्रॅव्हल पासमध्ये बोट पण येते आणि ही गाडी पण, आणि तो पास स्वित्झर्लंडबाहेर राहणाऱ्या कुणालाही मिळतो, म्हणजे तुम्हा चौघांनाही, मुलगी सहाच्या आतली असल्यानं तिला तिकीटच नाही. युंगफ्राउयोख या बर्फाच्या डोंगरावरच्या स्टेशनाचा सगळ्यांना मोह असतो, पण ते ३४५४ मीटरवर आहे, रिगी १८०० च्या आत. उंचीवर हवा विरळ असते, दम लागतो, डोकं गरगरतं, तेव्हा बीपी-शुगरवाल्यांनी सोलापुरातून निघायच्या आधीच आपल्या डॉक्टरांना विचारून घ्यावं. बर्फाला हात लावायचाच असेल तर ल्युसर्नहून टिटलिस जवळ आहे, पण ते पण ३००० च्या वर, तेव्हा वर जाऊन अर्धा-पाऊण तास, फोटो, खाली.

दुसरी ट्रिप पॅरिस, चार रात्री. स्टुटगार्टहून थेट गाडी आहे, सव्वातीन तासांत पॅरिसच्या गार द लेस्ट स्टेशनात उतरवते. तिथून गार द्यू नॉर हे दुसरं स्टेशन आणि ला शापेलचा भाग जवळच, तिथं तमिळ लोकांची हॉटेलं आहेत, इडली, डोसा, भात सगळं मिळतं. हॉटेल त्याच अंगाला घेतलं तर रात्रीच्या जेवणाची चिंता मिटली. मेट्रोत मात्र आईला नेऊ नका, बहुतेक स्टेशनांवर जिनेच जिने आहेत. बसनं फिरा, उलट बसमधून शहर दिसतं तरी. लूव्र म्युझियम मंगळवारी बंद असतं. आणि आयफेल टॉवरचं एक कुणी सांगत नाही, तो अंधार पडल्यावर दर तासाला पाच मिनिटं चमचमतो, पण जूनमध्ये तिथं सूर्यच दहाच्या सुमाराला मावळतो, म्हणजे चमचमाट बघायला रात्री अकरा वाजणार, आणि आपली माणसं साडेनऊला पेंगायला लागतात. तेव्हा त्या दिवशी दुपारी सगळ्यांनी झोप काढायची, हे प्लॅनमध्येच लिहा.

उरलेले दोन महिने तुमचं गाव आहे की. पाहुणे आले की आपण लांबचं बघायला पळतो आणि दाराशी काय आहे ते राहून जातं. उल्मचं चर्च घ्या, १६१ मीटरचा मनोरा, २०२५ च्या ऑक्टोबरपर्यंत जगातलं सगळ्यात उंच चर्च तेच होतं, मग बार्सिलोनाचं पुढं गेलं. वरती चढायचं नाही, खालून बघायचं, मान दुखेपर्यंत. आणि अप्पांसाठी एक दिवस आउग्सबुर्ग ठेवाच. तिथं जुन्या सूतगिरणीत कापडाचं म्युझियम केलंय, २०१० पासून आहे, जुने माग नुसते काचेमागे ठेवलेले नाहीत, चालू करून दाखवतात. ज्या माणसाचं अख्खं आयुष्य गिरणीच्या भोंग्यावर गेलं त्याला तो खडखडाट ऐकू द्या एकदा, मग बघा, तिथल्या माणसाला जर्मन येतंय का मराठी याचं अप्पांना काही पडलेलं नसेल, हातवारे करून दोघं धोट्यावर बोलत बसतील. तुम्ही आपलं खुर्ची शोधून बसा.

दोघांना डॉइचलँडटिकेट काढून द्या, जानेवारी २०२६ पासून महिन्याला ६३ युरो आहे, ट्राम-बस-लोकल सगळं त्यात येतं, फक्त आयसीई, आयसी या लांब पल्ल्याच्या गाड्या नाहीत. ते दर महिन्याला आपोआप पुढं चालू राहतं, बंद करायचं तर महिन्याच्या १० तारखेच्या आत कळवावं लागतं. पहिल्या आठवड्यातच एक रस्ता त्यांना पाठ करून द्या, म्हणजे घरून ट्रामनं मारिएनप्लाट्झ, तिथून त्साके नावाची चढावरची गाडी, वर डेगरलोख, आणि परत. दोनदा तुमच्याबरोबर, तिसऱ्यांदा दोघांनाच पाठवा. तुम्ही ऑफिसात आणि ते दिवसभर खिडकीशी, असं झालं की चौथ्या आठवड्यात अप्पा तिकीट अलीकडं घेता येतंय का विचारायला लागतात.

आता व्हिसा. एजंटचं ऐकू नका. नियम सरळ आहे, जिथं जास्त दिवस राहणार त्या देशाकडं अर्ज करायचा. तुमचे साठ-सत्तर दिवस जर्मनीत आणि फ्रान्समध्ये चार, तर व्हिसा जर्मनीचाच. खोटा प्लॅन दाखवून फ्रान्सकडं गेलात आणि नकार आला तर तो पुढच्या प्रत्येक अर्जाला चिकटतो. तुम्ही तुमच्या आउसलेंडरबेहोर्डेतून, म्हणजे परदेशी लोकांच्या सरकारी कचेरीतून, त्यांच्या खर्चाचं हमीपत्र काढा, तिथली अपॉइंटमेंट मिळायला वेळ लागतो म्हणून ते काम आधी, पण फार आधी पण नको, अर्जाच्या वेळी ते सहा महिन्यांपेक्षा जुनं चालत नाही. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, फी माणशी ९० युरो, अर्ज घेणाऱ्या व्हीएफएस कंपनीचे वेगळे, आणि बोटांचे ठसे द्यायला दोघांना स्वतः जावं लागतं. विमा किमान ३०,००० युरोचा लागतो, तो घेताना आधीपासूनच्या आजारांचं काय लिहिलंय ते बारीक अक्षरातलं वाचा, शुगरवाल्यांची गोची तिथंच होते.

व्हिसा हातात आला की स्टिकरवर दोन गोष्टी बघा. एक कधीपासून कधीपर्यंत आणि दुसरी किती दिवस राहायचं. बरेच जण नुसती शेवटची तारीख बघतात आणि दिवस मोजतच नाहीत. उतरल्याचा आणि परत निघाल्याचा दोन्ही दिवस धरतात हे पण लक्षात ठेवा. औषधं हातातल्या बॅगेत, सोबत डॉक्टरांची इंग्रजीत चिठ्ठी, त्यात कंपनीचं नाव नको, औषधाचं मूळ नाव पाहिजे. आणि विमानाचं तिकीट काढतानाच आईसाठी व्हीलचेअर मागून ठेवा, त्याला पैसे पडत नाहीत. आई म्हणेल मी काय एवढी म्हातारी झाले का. म्हणू दे.

प्रश्न : मॅडम, आमचा मुलगा लंडनला आहे. आम्हा दोघांना यूकेचा सहा महिन्यांचा व्हिसा मिळालाय. त्याच व्हिसावर चार दिवस पॅरिस करता येईल का? मुलगा म्हणतो इथं आल्यावर बघू. (एक वाचक, होटगी रोड)

उत्तर : नाही काका, येणार नाही. यूके शेंगेनमध्ये नाही, कधीच नव्हतं, तुम्हाला फ्रान्सचा शेंगेन व्हिसा वेगळा काढावा लागेल. आणि तिथं गेल्यावर बघू हे तर अजिबात नको, कारण अर्ज साधारणपणे तुम्ही जिथले रहिवासी आहात तिथूनच करायचा असतो, पाहुणे म्हणून गेलेल्या गावातून केला तर इथून का करताय याचं पटेल असं कारण द्यावं लागतं. निघायच्या आधी भारतातूनच काढून जा. पासपोर्ट व्हिसाच्या कामाला अडकतो, म्हणून दोन्ही व्हिसांच्या मध्ये पुरेसा वेळ सोडा. यूकेच्या व्हिसाची मुदत आणि एंट्री पण बघून घ्या, पॅरिसहून परत लंडनला शिरायचंय ना.

व्हिसा झाला की बाकी सोपं आहे, युरोस्टार ही गाडी लंडनच्या सेंट पँक्रास स्टेशनहून सव्वादोन-अडीच तासांत पॅरिसला. पण आपली सिद्धेश्वर एक्स्प्रेस पकडल्यासारखं पाच मिनिटं आधी पोचून चालत नाही बरं का. फ्रान्सची पासपोर्ट तपासणी गाडीत बसायच्या आधी लंडनलाच होते. शिवाय १२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपनं नवीन पद्धत आणलीय, शिक्क्याऐवजी फोटो घेऊन नोंद करतात, पहिल्या वेळी त्याला वेळ जातो.

प्रश्न : लेकीकडं नेदरलँडला चाललोय. शेंगाची चटणी, कडक भाकरी, शेंगपोळ्या, घरचं तूप, पेढे, कढीपत्ता आणि एक पेटी आंबे न्यायचा विचार आहे. विमानतळावर काढून घेतात म्हणे? (एक वाचक, अशोक चौक)

उत्तर : वहिनी, निम्मी यादी पास, निम्मी नापास. शेंगाची चटणी, कडक भाकरी, शेंगपोळ्या बिनघोर न्या, फक्त पोळ्यांना तूप लावू नका आणि चटणी दोन पिशव्यांत घट्ट बांधा, नाहीतर कपड्यांना महिनाभर लसणाचा वास. तूप, पेढे, खवा यातलं काही नेता येत नाही. बाहेरच्या देशातून दुधाचे आणि मटणाचे पदार्थ प्रवाशानं आणायला युरोपियन युनियनमध्ये बंदी आहे, घरचं असो नाहीतर डबाबंद. कढीपत्ता आणि आंब्यांना झाडपाल्याचं सरकारी सर्टिफिकेट लागतं, ते काही आपण काढत बसत नाही, तेव्हा ते पण राहू दे. केळी आणि नारळाला मात्र सूट आहे, ओटी भरायला नारळ न्यायचा असेल तर न्या.

तुम्ही विचारलं नाहीत, पण चादरीचं सांगते. चादर खुशाल न्या, त्याला कुणी काही म्हणत नाही, पण एकच. लेकीला एक, जावयाला एक, शेजारणीला एक असं करत गेलात तर बॅगेचं वजन तिथंच संपेल आणि चटणी घरी राहील.