लग्नासाठी ५० मिमी की ८५ मिमी?

प्रश्न : माझ्याकडे एपीएस-सी सेन्सरचा कॅमेरा व १८-५५ मिमी लेन्स आहे. बहिणीच्या लग्नात घरगुती छायाचित्रे काढण्यासाठी ५० मिमी घ्यावी की ८५ मिमी?
– एक वाचक, सातारा

उत्तर : आपण ५० मिमी एफ/१.८ घ्यावी (एफपुढचा आकडा जितका लहान, तितके लेन्सचे छिद्र मोठे). आपला एपीएस-सी सेन्सर फुल-फ्रेमपेक्षा, म्हणजे ३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरपेक्षा, लहान असल्याने आपल्या कॅमेऱ्यावर तिचा दृश्यकोन फुल-फ्रेमवरच्या ७५-८० मिमीइतका अरुंद असतो. त्यामुळे चार-पाच हात मागे उभे राहावे लागते आणि त्या अंतरावरून नाक फुगलेले दिसत नाही. ८५ मिमी मात्र सुमारे १३० मिमीसारखी वागते, आणि कार्यालयातल्या गर्दीत तेवढे मागे सरकायला जागा कोण देणार? शिवाय आपली सध्याची लेन्स ५५ मिमीवर बहुधा एफ/५.६ पर्यंतच उघडत असेल, एफ/१.८ तिच्या जवळजवळ दहापट प्रकाश आत घेते. अंतरपाट दूर होऊन अक्षता उडतात तो क्षण १/२५० सेकंदात टिपायचा, तर हा फरकच कामी येतो. वधूवर दोघेही स्पष्ट हवे असतील तेव्हा मात्र छिद्र लहान करून एफ/४ च्या आसपास यावे, नाहीतर नथ रेखीव आणि नवरदेव धूसर, अशी गंमत होते. वीस जणांच्या समूहचित्राला जुनीच लेन्स २४ मिमीच्या पुढे वापरावी. १८ मिमीवर कडेची माणसे रुंद दिसतात, आणि कडेला बहुधा आत्याच उभ्या असतात.