आयसीयू ड्युटी आणि एंडोमेट्रिओसिस, नोकरी सोडू का?

तू विचारलंयस की चॉकलेट सिस्ट, म्हणजे एंडोमेट्रिओसिसची ओव्हरीतली गाठ, निघाली, डायनोजेस्ट ही त्यावरची हार्मोनची गोळी सुरू झालीये, आयसीयूतली नाइट आता ओढवत नाही, तर राजीनामा देऊ का. माझं मत, एवढ्यात नको. मीपण स्टाफ नर्सच, एंडो (गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर त्याच्या बाहेर वाढतं तो आजार) घेऊनच बरीच वर्षं ड्युट्या करतेय, आणि मला विचारशील तर आपल्या लोकांचा मोठा घोळ हा की आपण स्वतः कधी पेशंट होतच नाही. दुखायला लागलं की मैत्रिणीला म्हणायचं एक डायक्लो (पेनकिलरचं इंजेक्शन) टोच गं, ती टोचते, की आपण परत पेशंट शिफ्टिंगला हजर. गायनॅकच्या मॅडमना कॉरिडॉरमध्ये गाठून रिपोर्ट दाखवायचा, त्या चालता चालता गोळी सांगणार. ना केसपेपर, ना फाइल, मग मेट्रनसमोर रोस्टरचं बोलायला गेलं की हातात काय, तर "मॅडम खूप दुखतं". पाळीत सगळ्यांनाच दुखतं हे उत्तर ठरलेलं.

म्हणून आधी रीतसर नंबर लावून दाखव आणि सर्टिफिकेटवर नुसतं निदान नको, इतके महिने नाइट आणि जड उचलणं टाळावं असं स्पष्ट लिहून घे. मेट्रनलाही वर उत्तर द्यायचं असतं, कागद असला की तिलाही सोपं जातं. आणि मागताना "हलकं काम द्या" म्हणू नकोस, जागेचं नाव घे. इन्फेक्शन कंट्रोल किंवा एनएबीएचचं (हॉस्पिटलच्या दर्जाला मान्यता देणारी संस्था) डॉक्युमेंटेशन बघ, आयसीयूचा अनुभव तिथे कामाला येतो. ओटीत (ऑपरेशन थिएटर) जायचंच असेल तर सर्क्युलेटिंगला, म्हणजे बाहेरून सामान पुरवायला, स्क्रब होऊन सर्जनसोबत टेबलाशी उभी राहिलीस की लांबलेल्या केसमधून पॅड बदलायलाही सुटता येत नाही. सीएसएसडी (उपकरणं निर्जंतुक करायचा विभाग) लोकांना आरामाची वाटते पण ते ट्रे उचलून बघ एकदा.

प्रायव्हेटमध्ये असशील आणि पगारातून ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, कापला जात असेल (मर्यादा महिना २१ हजार) तर सिकनेस बेनिफिट मिळतो, कॉन्ट्रिब्युशनचे दिवस भरलेले असले तर वर्षाला ९१ दिवसांपर्यंत, पगाराच्या ७० टक्के, सर्टिफिकेट मात्र ईएसआयच्याच डॉक्टरचं लागतं. राजीनामा दिलास तर पुढे हेही हातातून जाईल. पाळीची वेगळी रजा बिहारच्या सरकारी बायकांना १९९२ पासून आहे, महिन्याला दोन दिवस, आपल्याकडे तिची वाट बघण्यात अर्थ नाही.

गोळ्यांचं. डायनोजेस्ट रोज एकाच वेळेला हवी, शिफ्ट कुठलीही असो, त्यामुळे वेळ अशी धर की तेव्हा हँडओव्हर नसेल. पहिले काही महिने स्पॉटिंग होतंच, त्याला घाबरून मध्येच बंद करू नकोस, पण मन फारच उदास राहायला लागलं तर मॅडमना सांग. पेनकिलर दुखणं चढायच्या आधी घेतली तर जास्त लागू पडते, चढल्यावर तितकी नाही, कारण ती दुखणं आणणारं प्रोस्टाग्लँडिन तयार होणं थांबवते, झालेलं काढून टाकत नाही. रिकाम्या पोटी आणि दिवसभर पाणी न पिता डायक्लो म्हणजे अॅसिडिटी आणि किडनी दोन्हीला आमंत्रण. आणि वॉर्डातल्या स्टॉकमधलं ट्रामाडॉल (अफूच्या जातीचं कडक पेनकिलर), कोणी कितीही प्रेमाने दिलं तरी नाही म्हणजे नाही. झोपाळलेल्या डोळ्यांनी इनोट्रोप (हृदयाला जोर देणारी औषधं) लावायचे का? शिवाय २०१८ पासून ते एनडीपीएसमध्ये, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात, आहे, हिशेब लागला नाही तर नोकरी काय लायसन्सपर्यंत जाईल.

"लग्न कर, मूल झालं की जाईल" हे स्टाफरूममध्ये मावशींपासून सिनियर सिस्टरपर्यंत सगळे सांगतील. प्रेग्नन्सी हा इलाज नाही, काहींना तेवढ्यापुरतं बरं वाटतं, पाळी परत सुरू झाली की दुखणंही येऊ शकतं. पण सिस्टच्या ऑपरेशनचं कोणी काढलं तर आधी एएमएच (अंड्यांचा साठा सांगणारी रक्ततपासणी) करून घे, सिस्ट काढताना ओव्हरीतली चांगली अंडीही कमी होऊ शकतात. तुझं लग्न झालेलं नाही म्हणून सोनोग्राफी पोटावरूनच केली असेल ना? मग गर्भाशयाची मागची आणि आतड्याची बाजू नीट दिसलेली नसणार, एमआरआयबद्दल विचार. आजाराच्या स्टेजवर जाऊ नकोस, स्टेज लहान आणि दुखणं प्रचंड असं सर्रास असतं.

सिस्टचं माप किती आलंय आणि संडासच्या वेळी दुखतं का, हे दोन सांग, मग ऑपरेशनबद्दल मॅडमना काय काय विचारायचं ते नीट लिहिते.