टाइल्सच्या कामाला नी पॅड कसले घ्यावेत, जेलचे की कडक कॅपचे?

तुम्ही विचारलंय की दिवसभर गुडघ्यावर बसून टाइल्स बसवायचं काम आहे, तर जेलवाले नी पॅड घेऊ का कडक प्लास्टिकच्या कॅपवाले, आणि गुडघ्याच्या वाटीवर मधूनमधून सूज येते ती पॅड लावल्यावर जाईल का. मी पण फरशीच्याच कामातला, त्यामुळे रोज जे बघतो ते सांगतो. सुजेचं शेवटी.

जेल का कॅप ते नंतर बघा, आधी पट्टे बघा. पॅड फेकून दिले जातात ते गादी बसली म्हणून कमी आणि पट्टा काचतो म्हणून जास्त. सकाळी उत्साहात लावतात, दुपारपर्यंत पॅड सरकत सरकत नडगीवर आलेला असतो, मग वैतागून काढून कोपऱ्यात टाकतात आणि परत उघड्या फरशीवर गुडघे टेकतात. मग ते जेल काय नि फोम काय, सगळं सारखंच.

गुडघ्याच्या बरोबर मागे, लवणीत पट्टा येत असेल तर तो पॅड घेऊच नका. पाय दुमडला की तिथे कातडीची घडी पडते, पट्टा त्यात रुततो आणि संध्याकाळी लाल वळ उठलेला असतो. एक पट्टा गुडघ्याच्या वर मांडीला आणि एक खाली पोटरीला, दोन्ही रुंद आणि थोडे ताणणारे, असं असेल तर ठीक. खालचा पण आवळून बांधू नका बरं का. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला जरा खाली हाडाचं एक टोक हाताला लागतं बघा, तिथून एक नस जाते, अगदी कातडीखालून, तिच्यावर तासन्‌तास दाब राहिला तर नडगीच्या बाहेरच्या बाजूला आणि पावलाच्या वर मुंग्या येतात आणि प्रकरण वाढलं तर पाऊल वर उचलायला जड जातं. म्हणून पट्टे उभ्याने बांधायचेच नाहीत, एक गुडघा टेकून, पाय दुमडलेला असताना बांधायचे, कारण दुमडल्यावर मांडी आणि पोटरी फुगते आणि उभ्याने बरोबर वाटलेला पट्टा खाली बसल्यावर फास होतो. वेल्क्रो असेल तर त्यात सिमेंटची धूळ आणि ग्राउट (टाइलच्या सांध्यात भरायचा माल) भरून बसतं आणि मग ते चिकटतच नाही, जुन्या टूथब्रशने घासून काढावं लागतं. मला विचाराल तर क्लिपवालं बक्कल बरं.

आता गादी. जेल म्हणजे काही पूर्ण पॅड जेलचा नसतो, फोमच्या मध्ये जेलचा एक थर असतो एवढंच. दुकानात अंगठ्याने दाबलं की मऊ लागतं आणि माणूस भुलतो. अंगठ्याने दाबू नका, मूठ आवळून बोटांच्या पेरांनी जोर लावा आणि तसंच दाबून धरा, थोड्या वेळाने खालची कडक बाजू पेराला टोचायला लागली तर तुमच्या वजनाखाली तो पॅड टिकणार नाही. चांगला फोम दाबला जातो पण पूर्ण बसत नाही, सोडल्यावर लगेच वर येतो. पाणी न पिणारा फोम बघा, स्पंजसारखा शोषून घेणारा नको, त्याचं कारण पुढे येतंच.

आकाराकडे लोक बघतच नाहीत आणि मला तर तेच जास्त महत्त्वाचं वाटतं. नुसता वाटीपुरता छोटा गोल पॅड असेल तर सगळं वजन वाटीवर आणि तिच्या खालच्या शिरेवरच येणार. पॅड खाली नडगीवर चार बोटं तरी उतरलेला हवा म्हणजे भार वाटला जातो. आणि आतून वाटीसाठी थोडा खोलगट भाग असेल तर फारच छान. वाटी त्या खळग्यात बसली की कडेच्या गादीवर वजन जातं.

कॅपचं असं आहे. कडक कॅप खडी, खिळे, तारांचे तुकडे असल्या जागी पाहिजेच, आणि कोब्यावर सरकत सरकत जायचं असेल तर पण चांगली. पण गोल, फुगीर कॅप असेल तर गुडघा एकाच बिंदूवर तोलला जातो आणि दिवसभर डावीकडे उजवीकडे डुगडुगत राहतो, त्याने पाय नाही तर कंबर भरून येते. त्यापेक्षा सपाट, रुंद कॅप. आणि पॉलिश टाइलवर कडक प्लास्टिक सटकतं, खाली कण अडकला तर ओरखडे पण पडतात. मऊ रबरी कॅप टाइलवर पकड देते, म्हणून तुमच्या कामाला मी तीच सांगेन, सपाट तळाची, रुंद, आत जाड फोम, जेल असलं तर असू दे. फक्त एक सवय लावून घ्या, कटिंगच्या जागेवरून नवीन टाइलवर आलात की कॅपवरून एकदा हात फिरवा, कारण मऊ रबरात टाइलच्या चुऱ्याचा एक कण रुतून बसतो आणि तुम्हाला कळायच्या आत चकचकीत टाइलवर रेघ उमटलेली असते. ती रेघ काही पुसून जात नाही आणि मालक सगळ्यात आधी तीच बघतो.

पॅन्टच्या खिशात घालायचे इन्सर्ट पण मिळतात, गुडघ्यावर खिसा शिवलेली पॅन्ट असते त्यात सरकवायचे. प्लंबर, इलेक्ट्रिशियन वगैरे जे सारखे उठबस करतात त्यांना ते मस्त, कारण पट्ट्याची कटकट नाही. पण दिवसभर खाली असणाऱ्याला ते पातळ पडतात असं माझं मत. घेतलेच तर गुडघा टेकून बघा, बसल्यावर पॅन्ट वर ओढली जाते आणि पॅड भलतीकडेच जातो. आणि धुवायच्या आधी पॅड काढून ठेवा.

पाकिटावर ईएन १४४०४ लिहिलेलं दिसलं तर तो गुडघ्यावर बसून करायच्या कामाच्या पॅडचा युरोपियन स्टँडर्ड आहे. त्यात टाइप १ म्हणजे पायाला बांधायचे, टाइप २ पॅन्टच्या खिशातले, टाइप ३ नुसती खाली टाकायची चटई. पुढे लेव्हल असते. ० म्हणजे फक्त सपाट जमिनीला, टोचण्यापासून काही संरक्षण नाही. १ ला साधारण १० किलोच्या जोराने टोचणारी वस्तू आरपार येता कामा नये (१०० न्यूटन), २ ला साधारण २५ किलो (२५० न्यूटन). टाइल्सला १ पुरते, तोडफोडीच्या जागी २ बघा. व्हॉलीबॉलवाले पॅड स्वस्तात दिसले म्हणून आणू नका, ते पडल्यावर बसणाऱ्या धक्क्यासाठी असतात, तासभर टेकून बसण्यासाठी नाहीत. मेडिकलमध्ये मिळणारी नी कॅप तर पूर्ण वेगळी गोष्ट, तिच्यात गादीच नसते.

आता ओल्या सिमेंटचं, हे नीट वाचा. ओलं सिमेंट जबरदस्त अल्कलाइन असतं, पीएच १२ च्या वर. पॅन्ट किंवा स्पंजसारखा पॅड ते पिऊन बसला आणि तुम्ही त्यावरच टेकून राहिलात तर कातडी भाजते, आणि वाईट म्हणजे लगेच दुखत नाही, काही तासांनी कळतं, तोवर आत खोल गेलेलं असतं. पाणी न पिणारा पॅड म्हणूनच सांगितला. आणि तरी आत ओल गेलीच तर हातातलं काम सोडायचं, पॅड-पॅन्ट काढायची, भरपूर स्वच्छ पाण्याने धुवत राहायचं. जेवणाच्या सुट्टीत बघू म्हणून थांबायचं नाही.

घेताना दुकानात घालून पाच मिनिटं गुडघ्यावर बसाच, कोण काय म्हणेल ते म्हणू दे. खाली पेनचं टोपण ठेवून त्यावर टेकून बघा, टाचांवर मागे बसून बघा, उठून चार पावलं चालून बघा. चालताना पॅड जागचा हलला तर परत ठेवा.

सुजेबद्दल. वाटीच्या पुढे कातडीखाली एक छोटी पिशवी असते, सतत दाब आणि घासणं झालं की त्यात पाणी भरतं, त्याला बर्सायटिस म्हणतात. पॅडने दाब कमी होतो त्यामुळे पुढे सूज यायचं प्रमाण कमी होऊ शकतं, पण आत्ता आहे ती सूज पॅड लावून जाईल असं धरून चालू नका, त्याला त्या गुडघ्यावर टेकणं काही दिवस बंदच करावं लागतं. आणि सांध्याच्या आतलं दुखणं असेल, पाय अडकतो किंवा पूर्ण दुमडला की कळ येते, तर ते पॅडच्या हातातलं नाही, ते खोल दुमडून बसण्याने वाढू शकतं, म्हणून दर अर्ध्या तासाने उठा आणि जमेल तिथे बुटकं स्टूल घ्या. गुडघा लाल झाला, हाताला गरम लागला, ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा, आत इन्फेक्शन असू शकतं, आणि कोणाच्या सांगण्यावरून घरच्या घरी सुई टोचून पाणी तर अजिबात काढू नका. सूज उतरेपर्यंत जोडीदाराला खाली बसू द्या, तुम्ही कटिंग आणि माल कालवायचं घ्या, ते उभ्याने होतं.