विस्तव विझला तर शेजारी मागायचा

आपल्या बेळगावातल्या अनगोळहून एका ताईंचं चार पानी पत्र आलंय. नाव-गल्ली गाळून, थोडक्यात त्यांच्याच शब्दांत देते.

"अक्का, मी ५६ वर्षांची. दोन वर्षांपूर्वी मिस्टर गेले. मुलगा बेंगळूरला असतो. वर्षश्राद्धानंतर एका मैत्रिणीनं अग्निहोत्र शिकवलं, सूर्य उगवताना-मावळताना अगदी वेळेवर करायचा छोटा होम. पहिले सहा महिने इतकं शांत वाटलं की काय सांगू. आता मात्र भीतीच जास्त वाटते. मोबाइलवर वेळ येते, त्यात दोन मिनिटं मागं-पुढं झाली की दिवसभर जीव थाऱ्यावर नसतो. तिन्हीसांजेला पूर्वी ह्यांच्या स्कूटरचा आवाज यायचा. आता त्या वेळेला मी घर सोडत नाही. वरचे भाडेकरू म्हणतात, धुरानं बाळ खोकतंय. जाऊबाई म्हणतात, विधवेनं होम करायचा नसतो. घरी आलेल्या एकानं सांगितलं, वेळा चुकल्यात, अग्नी कोपलाय, पस्तीस हजारांचं शांतिहवन करून घ्या. पुढच्या महिन्यात नंदगडला नणंदेच्या मुलीची हळद आहे, संध्याकाळची. नणंद म्हणते, 'वहिनी, पहिली हळद तूच लावायचीस.' पण अग्निहोत्र सोडून कशी जाऊ? की हे सगळं बंदच करू?"

ताई, पस्तीस हजार देऊ नका. हे आधी सांगून टाकते, कारण हे छापून येईपर्यंत तुम्ही बँकेत जाऊन आला नसाल एवढीच आशा आहे.

माझी आजी खानापूर तालुक्यातली. रात्री जेवणं आटोपली की चुलीतला एक चांगला इंगळ बाजूला काढायची आणि त्याच्यावर राख अशी सारायची, जणू लेकराला पांघरूण घालतेय. पहाटे राख बाजूला केली की आत लाल डोळा. त्याच्यावर शेणीचा तुकडा, चार काटक्या, फुंकणीनं दोन फुंकरा, की चूल पेटली. भात झाला की पहिलं शीत चुलीत, मग बाकीच्यांना. मंत्र तिला येत नव्हते. एकदा पावसाळ्यात ओल आली नि पहाटे राखेखाली काहीच नव्हतं. मी घाबरले, आता काहीतरी वाईट होणार म्हणून. आजी म्हणाली, "इजला तर इजला गं. गल्लीत कुणाकडं तरी असंलच की." आणि माझ्या हातात शेणी देऊन मला शेजारी धाडलं.

तुमचा अग्नी कोपला म्हणणाऱ्यानं दोन वेगळ्या गोष्टींचा काला केलाय. जुन्या श्रौत, म्हणजे वेदातल्या यज्ञांच्या परंपरेत अग्नी रीतसर घ्यावा लागतो, अग्न्याधान करून, नवरा-बायकोनं मिळून. गार्हपत्य, आहवनीय आणि दक्षिणाग्नी असे तीन अग्नी, सकाळ-संध्याकाळ आहुती, तीही मुख्यतः दुधाची, आणि हे जन्मभर. तिथं खंड पडला तर प्रायश्चित्त सांगितलंय. तुम्ही असलं काही घेतलेलं नाही. तांब्याचं पात्र, शेणी, तूप आणि दोन चिमूट अक्षत तांदूळ हे जे तुम्ही करता, ते गेल्या शतकात अक्कलकोटच्या शिवपुरीहून गजानन महाराजांनी (शेगावचे नव्हेत) घरोघरी पोचवलं. जात, बाई, पुरुष असला भेद न ठेवता. एक वेळ हुकली तर पुढची करा.

आणि जुन्यांचंच ऐकायचं तर शतपथ ब्राह्मण या वैदिक ग्रंथात जनक राजा याज्ञवल्क्याला खोदून खोदून विचारतो. दूध नसलं तर अग्निहोत्र कशानं करशील? तांदूळ-जवानं. तेही नसलं तर? दुसऱ्या धान्यानं, मग रानातल्या वनस्पतींनी, मग नुसत्या पाण्यानं. पाणीही नसलं तर? याज्ञवल्क्य म्हणतो, काहीच नव्हतं तेव्हाही होम होत होताच, श्रद्धेत सत्याचा. जनकानं खूश होऊन शंभर गायी दिल्या. पस्तीस हजारांची पावती तिथंही कुणी मागितली नाही.

तुम्ही रोज म्हणता ना, "सूर्याय इदं न मम"? हे माझं नाही. म्हणजे दिलं, हिशेब मिटला. आणि तुम्ही मोबाइल घेऊन मिनिटं मोजत बसलाय!

धुराचं मात्र भाडेकरूंचं बरोबर आहे. धूर तो धूरच, अग्निहोत्राचा असो नाहीतर बंबाचा, बाळाच्या छातीला त्यातला फरक कळत नाही. आपल्या बेळगावच्या पावसात शेणी सादळतात, आणि सादळलेली शेणी पेटत नाही, नुसती धुमसते. मृगाच्या आधी कडक उन्हात वाळवून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, पातळ तुकडे करा, तुपाचं बोट लावा, ज्वाळ उठल्याशिवाय आहुती घालू नका. तरीही घरात नको. परसात बसा.

आता स्कूटर. तुमच्या चार पानांत ती एकाच ओळीत येऊन गेली, खरं मी तिथंच थांबले. (आमच्याकडं 'पण'ला 'खरं' म्हणतात, परगावच्या वाचकांनी गोंधळू नये.) त्या आवाजाची वेळ रिकामी झाली आणि तिथं तुम्ही पात्र मांडलंत. त्यात चूक काहीच नाही, सहा महिने त्यानंच तुम्हाला धरून ठेवलं. आता तीच वेळ दाराला कडी घालून बसलीय. मला विचाराल तर महिनाभर फक्त सकाळचं करा, सूर्य जूनमध्ये सहाच्या सुमाराला उगवतो, जानेवारीत सात वाजून जातात, जमेल तसं. तिन्हीसांजेला देवापाशी दिवा लावा आणि घराबाहेर पडा. कपिलेश्वराला जा, भाजी घ्या, कुणाकडं तरी चहा प्या. घशाशी आलं तर मुलाला फोन करा आणि सरळ सांगा, "बाबांची आठवण येतीय." मुलाला हे तुम्ही अजून सांगितलं नसावं, असं मला पत्रावरून वाटलं.

एक विचारू? रागावू नका. अडचण संध्याकाळच्या अग्निहोत्राची आहे, की चारचौघींत कपाळाकडं बघणाऱ्या नजरांसमोर हळदीची वाटी हातात घेण्याची? अग्निहोत्र हे चांगलं कारण आहे, कुणाला वाद घालता येत नाही. निपाणीपलीकडं शिरोळ तालुक्यात हेरवाड गाव आहे. तिथल्या ग्रामपंचायतीनं २०२२ साली विधवांच्या बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं बंद करायचा ठराव केला. ठरावानं लगेच गाव बदलतं असं मी म्हणत नाही, पण तुमच्या नणंदेनं तो ठराव न करताच अमलात आणलाय. अशी नणंद सगळ्यांना मिळत नाही हो.

त्या दिवशी सकाळचं उरकून निघा. जाताना कुंदा घ्या, नंदगडकरांना आवडतो की नाही ते तुम्हाला माहीत. नणंदेनं हाक मारली की मागं सरू नका, वाटीत बोटं बुडवा आणि पोरीच्या गालाला हळद लावा.

परत आल्यावर लिहा. जाऊबाई तिथं काय म्हणाल्या ते मला वाचायचंय.